हिंदुरावांच्या टेकडीवरून

दिल्लीच्या उत्तरेस, जुन्या शहराच्या तटाबाहेर, काटेरी झुडपांनी आच्छादलेली जी बुटकी खडकाळ टेकडी आहे, तिच्या दक्षिण अंगावरील रुग्णालयास आणि पायथ्याच्या गजबजलेल्या वस्तीस आजही एका मराठी सरदाराचे नाव आहे, हे दिल्लीस नव्याने जाणाऱ्या मराठी माणसास बहुधा रिक्षावाल्याच्या तोंडूनच प्रथम कळते. कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदुराव घाटगे हे ग्वाल्हेरचे राजकारण सुटल्यावर दिल्लीस येऊन राहिले. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर 1835 साली मारला गेल्यावर त्याचा टेकडीवरील वाडा त्यांच्याकडे आला. आणि 1857 च्या वेढ्यात याच वाड्याच्या आसऱ्याने इंग्रज फौजेने शहरावर मोर्चे लावले, त्यामुळे हिंदुरावांचे नाव इंग्रजी बखरींतही कायमचे नोंदले गेले. सरदारांचा वंश, दौलत आणि दफ्तर यांचे पुढे जे व्हायचे ते झाले, परंतु बाडा हिंदुराव हा मोहल्ला मात्र उरला.

या मोहल्ल्याच्या परिसरात 1889 साली स्थापन झालेल्या दिल्ली क्लॉथ मिलचा भोंगा वाजत असे आणि तिच्या बॉयलरात कोळसा जळत असे. आणि तेथून फार तर अर्ध्या-पाऊण कोसावर, टेकडीच्या वायव्येस, व्हाइसरॉयच्या जुन्या निवासात पुढे विद्यापीठ आले, जेथे उष्णता आणि कार्य यांच्या परस्परसंबंधाचे शास्त्र, म्हणजेच ऊष्मागतिकी, शिकविले जाऊ लागले. ज्या शास्त्राचा जन्मच बॉयलरापोटी झाला ते शास्त्र आणि प्रत्यक्ष बॉयलर इतक्या निकट नांदत असता त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार झाला असेल, असे कोणासही वाटेल. आमच्या समजुतीप्रमाणे तो जवळजवळ झालाच नाही. गिरणीचा पैसा तिचे चालक लाला श्रीराम यांच्या हातून शिक्षणाकडे आला खरा, परंतु तो आला वाणिज्य महाविद्यालयाच्या रूपाने; ऊष्मागतिकीची वाट निराळीच होती. दिल्लीस हे शास्त्र यंत्रशाळेतून चालत आले नाही, ते आकाशातून उतरले. आणि या एका गोष्टीमुळे तेथील अध्ययनास जे वळण लागले तोच या लेखाचा विषय आहे.

युरोपातील कथा सर्वश्रुत आहे. फ्रेंच सैन्यातील तरुण अभियंता सादी कार्नो याने 1824 साली एक लहानसे पुस्तक लिहून, वाफेच्या यंत्रापासून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, हा निव्वळ कारखानदारी वाटणारा प्रश्न विचारला. आणि त्या प्रश्नाच्या पोटातून क्लाउझियस, केल्विन आदींनी दोन नियम बाहेर काढले, ज्यांपैकी पहिला हा सरळ जमाखर्च आहे, म्हणजे ऊर्जेची जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे, आणि दुसरा मात्र सावकारी पेढीवरील हुंडणावळीसारखा आहे, म्हणजे उष्णतेची हुंडी कामाच्या नाण्यात वटवावयाची तर काही भाग पेढीवर सोडावाच लागतो आणि तो सोडण्यातून जगातील कोणाही कुशल कारागिराची सुटका नाही. आपल्या मुंबईसही हे शास्त्र आले ते याच मार्गाने. 1854 साली कावसजी दावर यांनी गिरणीचा उद्योग मांडला, गिरण्यांस बॉयलर आणि एंजिने सांभाळणारी माणसे हवी झाली आणि 1887 साली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथील विद्यार्थ्यास एंजिनाच्या चक्राची आकृती वहीत काढावयाची असे, ती बाहेर गिरणगावात फिरताना दिसे म्हणूनच.

दिल्लीच्या बादशाहीस कारखान्याची परंपराच नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही आबदारखान्याचे जे वर्णन दिले आहे त्यात, जो सोरा बंदुकीच्या दारूत स्फोट घडवितो तोच पाण्यात विरघळवून त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवली असता ते पाणी गार होते, ही युक्ती अकबराच्या नावावर नमूद केलेली आहे. ही नोंद वाचताना आम्हांस नेहमी मौज वाटते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बर्थेलोसारखा थोर रसायनज्ञ असे मानीत होता की, आपण होऊन घडणारी रासायनिक क्रिया उष्णता बाहेर टाकणारीच असते. आणि सोरा तर बाहेरची उष्णता शोषून घेत घेत, कोणी बोलावल्याशिवाय, मुकाट्याने पाण्यात विरघळत असतो. तो तसे का करतो याचे उत्तर उष्णतेच्या जमाखर्चात नाही. स्फटिकात शिस्तीने जखडलेले कण पाण्यात मोकळे झाल्यावर त्यांस किती परींनी राहता येते, या गणतीत ते आहे. आबदारखान्यातील चाकरांस ही गणती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दिल्लीत ती शिकविली जाऊ लागण्यास पुढे सुमारे साडेतीन शतके लागली.

दिल्ली विद्यापीठ 1922 साली स्थापन झाले तेव्हा त्यास स्वतःची म्हणावी अशी इमारत नव्हती. सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस या तीन महाविद्यालयांच्या जुळणीवर कायद्याचे एक छप्पर घातलेले होते, इतकेच. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत टेकडीजवळील व्हाइसरॉय-निवासात तरुण लुई माउंटबॅटनने एडविनाला मागणी घातली. पुढे नवी दिल्ली बांधून झाली, व्हाइसरॉय रायसीन्याच्या टेकडीवर गेले आणि 1933 साली ही रिकामी कोठी विद्यापीठाच्या पदरात पडली. त्या कोठीच्या आवारात 1934 साली अठ्ठावीस वर्षांचा एक अध्यापक भौतिकी विभागाचा कारभार पाहण्यास रुजू झाला. त्याचे नाव दौलतसिंह कोठारी.

कोठारी मूळचे उदयपूरचे, परंतु त्यांची विद्येची गादी अलाहाबादेची, आणि त्या गादीवर मेघनाद साहा होते. साहांनी 1920 साली कलकत्त्यास असताना सूर्याच्या वर्णावरणातील अणूंचा जो विचार केला त्याची खुबी अशी होती की, तापलेल्या अणूतून इलेक्ट्रॉन निसटणे ही घटना त्यांनी एखाद्या संयुगाच्या विघटनासारखी मानली आणि रसायनशाळेत बरणीतल्या वायूंना लावावयाचे ऊष्मागतिकीचे समीकरण त्यांनी सरळ नऊ कोटी मैलांवरील सूर्याला लावले. ताऱ्याच्या वर्णपटात कोणत्या रेषा दिसतील आणि कोणत्या दिसणार नाहीत, हे त्यातून तापमान आणि दाब या दोन राशींवरून सांगता येऊ लागले. भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे की, ज्या देशात यंत्रे परदेशांतून येत आणि प्रयोगशाळांस साध्या पंपासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत, तेथे ऊष्मागतिकी ही केवळ कागद, लेखणी आणि रात्रीचे आकाश यांच्या बळावरही करता येते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांचे उष्णतेवरील पाठ्यपुस्तक 1931 साली निघाले, आणि 1935 साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या लांबलचक उपशीर्षकात वायूंचा गत्यात्मक सिद्धांत, ऊष्मागतिकी आणि सांख्यिकीय ऊष्मागतिकीतील अलीकडील प्रगती या तिन्हींचा उल्लेख होता. उत्तर हिंदुस्थानातील पदवीच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या या एकाच पुस्तकावर पोसल्या. त्यांना बॉयलर आणि अणूंच्या गणतीतून उष्णता उलगडणारा बोल्ट्समन एकाच पुठ्ठ्याखाली भेटले, ही लहान गोष्ट नव्हे.

कोठारी अलाहाबादेहून केंब्रिजला गेले. तेथे रदरफोर्ड यांची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा होती आणि सांख्यिकीय यामिकीचे त्या काळचे आचार्य फाउलर होते, ज्यांनी 1926 सालीच फर्मी-डिरॅक यांची नवी गणती श्वेत बटू म्हणविणाऱ्या, इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या अतिघन द्रव्यास लावून दाखविली होती. रदरफोर्ड यांनी दिल्लीचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्याजवळ या विद्यार्थ्याची तोंडभरून शिफारस केली, त्यास केंब्रिजमध्येच प्राध्यापक नेमण्याची तयारी दाखविली, अशी एक आख्यायिका सर्वत्र छापलेली आढळते. ती गोड आहे, परंतु तारखांपुढे टिकत नाही. रदरफोर्ड 1937 च्या ऑक्टोबरात निवर्तले आणि ग्वायर कुलगुरू झाले ते 1938 साली, तोवर कोठारी दिल्लीस येऊनही चार वर्षे लोटली होती. थोर माणसांच्या प्रशस्तिपत्राशिवाय आपल्याकडे विद्वत्तेस पुरती किंमत येत नाही, यामुळेच अशा आख्यायिका जन्मतात, असा आमचा तर्क आहे.

कोठारींचे खरे प्रशस्तिपत्र त्यांच्या कामात आहे. गुरू साहांचे समीकरण असे सांगत होते की उष्णता वाढली म्हणजे अणू आयनित होतात, म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन निसटतात, आणि दाब वाढला म्हणजे ते आयनीकरण उलट कमी होते. शिष्याने 1936 ते 1938 च्या सुमारास दाखविले की, दाब अतोनात वाढवीत नेला तर ही गोष्ट पुन्हा उलटते. अणू एकमेकांत इतके रेटले जातात की इलेक्ट्रॉनांस आपल्या अणूचे घर राखता येत नाही, आणि तापमान शून्य असले तरी ते मोकळे होतात. याच विचारावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, थंड पदार्थाचा गोळा कितीही मोठा करता येत नाही. वस्तुमान वाढवू लागले की प्रथम त्रिज्या वाढते, पण एका मर्यादेनंतर आतला दाब द्रव्यालाच चिरडू लागतो आणि त्रिज्या घटू लागते, आणि ही कमाल त्रिज्या साधारणपणे गुरू या ग्रहाएवढी भरते. यापुढे ढीग जितका रचावा तितका तो लहान होत जाऊन शेवटी श्वेत बटूच्या जातीस मिळतो. आपल्या सूर्यमालेतील सर्वांत मोठा ग्रह जेवढा, थंड गोळ्याच्या मोठेपणाची सीमाही जवळपास तेवढीच असावी, याचा शोध दिल्लीत लागला, हे दिल्लीकरांस फारसे ठाऊक नाही.

यानंतरचा प्रसंग आम्हांस या सबंध इतिहासात सर्वांत रमणीय वाटतो, म्हणून तेथे थोडे थांबतो. 1946 साली फकीरचंद औलक आणि कोठारी यांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता सांख्यिकीय यामिकी आणि संख्यांची विभाजने. चार रुपये काही माणसांत वाटावयाचे आहेत, पण कोणास किती मिळाले याची वहीत नोंद नाही, किती रकमेचे किती वाटे झाले एवढेच पाहावयाचे, असे समजा. तर चार एकट्यास, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन-एक-एक, अथवा एक-एक-एक-एक, असे पाचच प्रकार संभवतात. म्हणजे चारची विभाजने पाच. दहाची बेचाळीस होतात. परंतु शंभराची किती, म्हणाल तर 19 कोटी 5 लाख 69 हजार 292. ही संख्या कशी वाढते याचे आश्चर्यकारक सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी 1918 साली दिले होते. त्याचे अगदी साधे रूप शंभरासाठी वापरले तरी उत्तर 19 कोटी 93 लाखांच्या आसपास येते, म्हणजे शेकडा पाचाहून कमी चूक.

आता याचा उष्णतेशी संबंध काय? संबंध असा की, सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 साली ढाक्याहून जी गणती जगापुढे मांडली तिचा आत्माच मुळी ‘कोणास किती मिळाले याची नोंद नाही’ हा आहे. कण इतके एकसारखे की त्यांस वेगवेगळी नावे देता येत नाहीत. अशा निनावी कणांचा समूह समान पायऱ्यांच्या शिडीवर उभा आहे आणि त्यांच्यात एकूण शंभर पायऱ्यांची ऊर्जा वाटावयाची आहे, असे मानले तर त्या समूहाच्या सूक्ष्म अवस्थांची संख्या म्हणजेच शंभराच्या विभाजनांची संख्या. बोल्ट्समनच्या सिद्धांतानुसार या संख्येचा लॉगरिथम घेतला की एन्ट्रॉपी, म्हणजे दुसऱ्या नियमाची मध्यवर्ती राशी, मिळते, आणि ऊर्जेनुसार एन्ट्रॉपी कशी बदलते हे पाहिले की तापमान. जे सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी शुद्ध संख्यासिद्धांताच्या वाटेने गाठले, त्याच्या जवळ ऊष्मागतिकीच्या साध्या पायवाटेनेही जाता येते, आणि त्यासाठी विद्यार्थ्यास जे यावे लागते ते सांख्यिकीय यामिकीच्या पहिल्या सत्रापलीकडचे नाही. हिशेबच करावयाचा तर, या शिडीची एक पायरी हे ऊर्जेचे माप धरून, शंभर या आकड्याचे ‘तापमान’ आठाच्या आसपास येते. आकड्यास तापमान असावे, ही कल्पना प्रथमदर्शनी थट्टेसारखी वाटते; परंतु जड अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या मोजताना नील्स बोर आणि काल्कार 1937 साली याच विभाजनांपाशी येऊन पोहोचले होते. व्हाइसरॉयच्या जुन्या कोठीच्या आवारात, युद्ध नुकतेच संपलेल्या आणि फाळणी दारात उभी असलेल्या त्या वर्षांत, दोन प्राध्यापक आकड्यांची उष्णता मोजीत बसले होते, हे चित्र आम्हांस फार आवडते.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने आपल्या विद्वानांस सोडले नाही. राजधानीचा हा जाबताच आहे. कोठारी 1948 साली संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि 1961 पर्यंत राहिले. पुसाच्या परिसरातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला नेहरूंनी 4 जानेवारी 1947 रोजी बसविली, तिचे उद्घाटन 21 जानेवारी 1950 रोजी वल्लभभाई पटेलांच्या हस्ते झाले, आणि तिचे पहिले संचालक करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांनी प्रशासनाच्या फायलींतून वेळ काढून तप्त तारांतील तापमानाची वाटणी आणि तापलेल्या पदार्थांतून होणारे इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन यांवर संशोधन चालू ठेवले. साहा तर लोकसभेवरच निवडून आले, आणि सभागृहात सरकारला अडचणीचे प्रश्न विचारीत राहिले. 16 फेब्रुवारी 1956 रोजी नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असता दिल्लीच्या रस्त्यावरच त्यांस हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. ज्याच्या पुस्तकाने दिल्लीस उष्णता शिकविली तो ग्रंथकार शेवटचा श्वास घेण्यास दिल्लीसच आला.

या वातावरणात शिकलेल्यांपैकी एकाचे नाव मात्र सांगितलेच पाहिजे, कारण आज पदव्युत्तर वर्गात हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर, मग तो पुण्याचा असो वा पॅरिसचा, त्याचे पुस्तक असण्याचा बराच संभव आहे. राजकुमार पाथरिया यांनी 1957 साली दिल्ली विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. औलक आणि कोठारी हे या विषयातील त्यांचे दीक्षागुरू. पुढे ते कॅनडात गेले, तेथील निरनिराळ्या विद्यापीठांत त्यांनी जी व्याख्याने दिली त्यांचे 1972 साली ‘स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स’ हे पुस्तक झाले. त्याच्या पहिल्या प्रकरणात ना वाफेचे एंजिन आहे, ना दट्ट्या. आरंभच सूक्ष्म अवस्थांच्या गणतीपासून होतो आणि ऊष्मागतिकी त्या गणतीतून निपजते. या मांडणीबद्दल शिक्षकांत दोन पक्ष आहेत. विद्यार्थ्याने आधी कार्नोच्या चक्रात घाम गाळावा आणि मगच अणूंकडे वळावे, असे जुन्या वळणाचे अध्यापक म्हणतात, आणि दिल्लीच्या पदवी अभ्यासक्रमातही ऊष्मीय भौतिकी आधी व सांख्यिकीय यामिकी अखेरीस असाच क्रम दीर्घकाळ होता. आमचा कल जुन्या पक्षाकडे आहे. ज्याने हुंडणावळ कधी भरलीच नाही त्याला पेढीचे रहस्य कळून तरी काय उपयोग? परंतु पाथरियांचे पुस्तक वाचताना हा आग्रह थोडा ढिला पडतो, हे कबूल केले पाहिजे.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तोही दिल्लीतच गाजला. फाळणीच्या सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरास आले आणि तेथे त्यांनी संस्कृत धातूंपासून शास्त्रीय शब्दांची टाकसाळच उघडली. तिच्यातील नाण्यांची पुष्कळ थट्टा झाली, तरी विज्ञानास देशी भाषेत बोलते करण्याची जिद्द त्यांनीच प्रथम एवढ्या प्रमाणावर धरली. 1961 साली केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावलीचा आयोग नेमला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष कोठारीच होते. त्याच साली ते विद्यापीठ अनुदान आयोगाचेही अध्यक्ष झाले, ज्या आयोगाची धुरा त्यापूर्वी महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख यांनी वाहिली होती. आणि 1962 साली तेच देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होऊन कोठारींच्या जुन्या आवारात आले. एकाने दुसऱ्याच्या गादीजवळून असे जावे, हा योग दिल्लीसारख्या नगरीतच जुळतो. ‘मेघदूता’चे मराठीत समश्लोकी रूपांतर करणारा अर्थशास्त्रज्ञ आणि ताऱ्यांच्या गर्भातील दाब मोजणारा तत्त्वचिंतक यांच्या बैठकीत शब्दांवर काय मसलत झाली असती, याची कल्पनाच करावी. प्रत्यक्षात ‘हीट’ला हिंदीत ऊष्मा मिळाली, आपण मराठीत उष्णता ठेवून शास्त्रास मात्र ऊष्मागतिकी म्हणू लागलो, म्हणजे पदार्थ घरचा आणि नाव पाहुण्याचे. ‘एनर्जी’स ऊर्जा हा शब्द इतका बेमालूम बसला की तो या अर्थी मुद्दाम योजलेला आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु एन्ट्रॉपी मात्र दोन्ही भाषांत एन्ट्रॉपीच राहिली. क्लाउझियसने 1865 साली ग्रीक धातूपासून हा शब्द मुद्दाम ‘एनर्जी’शी यमक जुळावे अशा बेताने घडविला होता, त्याचे भाषांतर करू जाता ‘अव्यवस्था’ म्हणावे तर ते अपुरे, ‘विस्कळितपणा’ म्हणावे तर ते घरगुती, आणि टाकसाळीतील नाणे घ्यावे तर ते बाजारात कोणी उचलीत नाही. वर्गात शिक्षक शेवटी रोमन लिपीतील ‘एस’ फळ्यावर काढतो आणि पुढे जातो.

शब्दांचे हे असे झाले; मापांचा दंडकही पुढे बदलला. पुसाच्या त्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, जिच्यासमोरील रस्त्यास आता कृष्णन यांचे नाव आहे, देशाच्या तापमानाचे मानक सांभाळले जाते. 1954 पासून जगभर तापमानाचे एकक पाण्यावर ठरलेले होते. काचेच्या बंद नळीत शुद्ध पाणी, बर्फ आणि वाफ ही तिन्ही रूपे एकत्र नांदतात त्या त्रिक बिंदूस 273.16 केल्विन मानावयाचे, असा दंडक होता, आणि ही व्याख्या सर्वस्वी जुन्या, अभिजात ऊष्मागतिकीची होती. अणू आहेत की नाहीत हे तिला विचारावेच लागत नसे. 20 मे 2019 रोजी हा दंडक बदलला. आता बोल्ट्समनच्या स्थिरांकाचे मूल्य, 1.380649 गुणिले दहाचा उणे तेविसावा घात ज्यूल प्रति केल्विन, हे कायमचे निश्चित करण्यात आले आहे आणि केल्विन त्यावरून काढावयाचा, म्हणजे गणती मूळ झाली आणि पाणी तिचे आश्रित. काचेची ती नळी प्रयोगशाळेने टाकून दिलेली नाही. रोजच्या तापमापकांची तपासणी अजून तिच्याच आधारे होते, फक्त 273.16 हा आकडा, जो पूर्वी फर्मानाने ठरत असे, तो आता मोजून घ्यावा लागतो.